पाना भावाच्या हातात, उजेड बहिणीच्या

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची बातमी आली आणि मोबाइलवरून ती आमच्या बीडच्या वाड्यावस्त्यांवरही पोचली. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जमवून, ठोकून-जोडून या माणसाने घरच्या घरी एक छोटी चारचाकी उभी केली होती. खर्च सुमारे साठ हजार. चालू करायची ती मोटरसायकलसारखी किक मारून. शिक्षण बेताचं, परिस्थिती बेताची, पोराची हौस पुरवायची होती एवढंच निमित्त. आनंद महिंद्रा यांनी त्यांचं कौतुक केलं. गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या, असंही म्हटलं. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली.

मला ही बातमी आवडली होती. हाताने काम करणाऱ्याला डोकं नसतं असं मानणाऱ्या आपल्या जातिबद्ध समाजात एका लोहाराच्या डोक्याची दखल घेतली गेली, ही लहान गोष्ट नव्हे. पण मी वाचलेल्या बातम्यांमध्ये घरची बाई होती ती फोटोपुरती. घरात गाडी घडते तेव्हा घरही त्या कामात असतं, आणि घर म्हणजे कोण हे आपण सगळ्याजणी जाणतो. लोहारांच्या घराबद्दल मी बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते ज्या घरांत माझं रोजचं जाणं-येणं आहे, त्यांच्याबद्दल.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत पोरांमध्ये एक नवी हौस दिसते. जुनी मारुती ८०० घ्यायची, तिचं छप्पर कापायचं, बूड खाली आणायचं, रुंद टायर बसवायचे, लाल किंवा पिवळा रंग मारायचा आणि तिची ‘स्पोर्ट’ गाडी करायची. मारुतीच का, तर ती स्वस्त मिळते. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. तीस वर्षांत ती इतकी निघाली की तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं लहानसं इंजिन. दोन माणसं खाटेवर घालून उचलू शकतात. सगळी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे भरल्या बैलगाडीहून हलकी.

या पोरांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पाण्याची ओढ, शेतीत राम नाही, बारावी होऊन नोकरी नाही. अशा वेळी पोरगं पुढाऱ्याच्या मागे झेंडा घेऊन फिरण्यापेक्षा, पारावर गुटखा थुंकत बसण्यापेक्षा इंजिनाचं हेड खोलून बसलं असेल तर ते चांगलंच आहे. हौस ही काही श्रीमंतांची मक्तेदारी नाही. गरिबाने फक्त गरजेपुरतंच जगावं असं म्हणणारे लोक मला कधीच पटलेले नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. या हौशीची किंमत घरातलं कोण भरतं, आणि तिच्यातून येणारी विद्या घरातल्या कुणाकडे जाते?

पाटोदा तालुक्यातलं एक घर सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण ते लोक माझ्या विश्वासाने बोलले. आईवडील दिवाळीच्या पुढे-मागे ऊसतोडीला जातात. मुलगा बीडला एका गॅरेजवर दोन वर्षं हाताखाली राहून परत आलेला. मुलगी दहावी होऊन घरी बसलेली, आजी आणि शेळ्या तिच्या जिवावर. मुलाने भंगाराच्या भावात एक मारुती आणली आणि गोठ्याच्या कडेला पत्रा टाकून काम सुरू केलं. सव्वा वर्षात ती गाडी सुटी झाली, परत जोडली गेली, आणि आज ती गावात लाल रंगाची, बिनछपराची, दोन माणसांची होऊन उभी आहे. लांबून पाहिलं तर खरंच देखणी दिसते.

दोन माणसांची, हे मुद्दाम लिहिलं. मूळ गाडीत आईवडील पुढे आणि तिघं मागे बसू शकत होती. ‘स्पोर्ट’ करताना मागचं सीट काढून टाकलं. अशा गाडीला मागचं सीट नसतं, असं मुलगा म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपल्याकडेही गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची एक खरीखुरी छोटी स्पोर्ट गाडी तयार व्हायची. फायबरची काया, रेनो कंपनीचं ११४९ सीसीचं इंजिन, बसायला दोन जागा. फार लोकांनी ती घेतली नाही, कारण आपल्या देशात गाडी घ्यायची ती घर भरून बसवायला. ती गाडी मुळातच दोघांसाठी बनवलेली होती. आमच्याकडच्या मारुतीत मात्र जागा होत्या आणि त्या काढल्या. काढल्या त्या जागांवर कोण बसलं असतं? आजी, आई, बहीण. आता पुढच्या दोन जागांवर मुलगा आणि त्याचा मित्र बसतात. आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा वडापची जीपच बघावी लागली. काढलेलं सीट ओसरीत ठेवलंय. त्याच्यावर बसून आजी तूर निवडते.

आता पैशांचं. त्या गावात आमचा बचत गट आहे. कर्जाच्या वहीत या बाईंच्या नावापुढे वीस हजार रुपये लिहिले आहेत, कारणाच्या रकान्यात ‘शेळीपालन’. शेळ्या आल्या नाहीत. दोन टायर, क्लच प्लेट आणि बीडच्या लेथवाल्याकडचं बोअरचं काम आलं. पुढे रंगासाठी त्यांच्या गळ्यातलं सोन्याचं डोरलं गहाण गेलं. हप्ता त्याच भरतात, उसाच्या फडातून आल्यावर, वाढ्यांच्या पैशांतून. मी विचारलं, “तुम्हाला विचारलं होतं का?” त्या म्हणाल्या, “ताई, इचारायचं काय त्यात? लेकरू रातभर जागायलंय, आन् म्या डोरलं गळ्यात घालून हिंडू व्हय?”

आईच्या मायेला मी हसणार नाही. पण ती माया वहीत ‘शेळीपालन’ म्हणून का लिहावी लागते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. कारण खरं कारण लिहिलं असतं तर गटातल्या बायकांनी चर्चा केली असती, हप्ता मुलाने भरावा असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि तीच चर्चा त्या बाईंना नको होती.

ऊसतोडीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणजे तिच्यात बाईचे कष्ट सरळ सरळ निम्मे धरलेले असतात. पण मुकादमाकडून पैसे मोजून घेतो नवरा. त्या उचलीतून मोटरसायकल आली, की निम्मी मोटरसायकल त्या बाईची नको का? आरसी बुकावर तिचं नाव असलेलं घर मला शोधावं लागेल. जमिनीच्या बाबतीत तरी आपण हा विषय काढला. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर, १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी गावोगाव सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. पुढे घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लागावं म्हणूनही शासनाची मोहीम झाली. गाडी मात्र पुरुषाचीच, जणू ती त्याच्या अंगाला फुटलेला अवयव आहे.

आणि सोन्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की स्त्रीधन हे तिचं एकटीचं. ते नवऱ्याकडे किंवा सासरी असलं तरी ते तिच्या वतीने सांभाळायला दिलेलं असतं. तिने खुशीने दिलं तर गोष्ट वेगळी. पण ‘घरातलंच आहे’ म्हणून उचललं, तर ते परत करावं लागतं. डोरलं मोडून रंगवलेल्या गाडीवर त्या बाईंचं पहिलं देणं आहे, असं मी त्या मुलाला सांगितलं. त्याने मान खाली घातली. पोरगं वाईट नाही.

आता श्रमांचं, आणि इथेच मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे.

गाडी घरी बांधणं हे एकट्याचं काम नाही. इंजिन उतरवताना कुणीतरी खालून आधार द्यावा लागतो. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर एकाने वरून तेल सोडत राहायचं, दुसऱ्याने पाना ओढायचा. आणि गाडीच्या पोटाखाली गेल्यावर उजेड लागतोच. हा उजेड सव्वा वर्ष त्या मुलीने धरला. संध्याकाळी भाकरी झाल्या, की हाक यायची, “ये, बॅटरी धर!” ती मोबाइलचा दिवा लावून दोन-दोन तास उकिडवी बसायची. हात जरा हलला की शिवी खायची.

पण जिच्या हातात उजेड असतो तिला सगळं दिसतं. मी तिला सहज विचारलं, की इंजिनात काय काय असतं गं, आणि ती बोलायला लागली. हेडचे बोल्ट बाहेरून मध्ये असे क्रमाने सोडायचे, नाहीतर हेड वाकतं. पिस्टनच्या रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत, नाहीतर तेल जळतं आणि धूर निघतो. पंपातून आणलेलं पेट्रोल जुनं झालं, की कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात चिकटा धरतो. टायमिंगचा पट्टा काढण्याआधी भाऊ तशीच चाकं खोलणार होता. हिने त्याला थांबवून दोन्ही चाकांच्या खुणांवर आपलं नेलपॉलिश लावलं. म्हणून परत बसवताना एक दाता इकडचा तिकडे झाला नाही. दाता चुकला असता तर इंजिन लागलं नसतं, किंवा लागून थडथडत राहिलं असतं. भाऊ गावात सांगतो, “टायमिंग म्या बसवलं.” बसवलं त्यानेच. खूण मात्र तिची.

आईचाही हात लागला आहे, तो ब्रेकला. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. त्यात हवा शिरली, की पेडल दाबलं तरी ते खाली बसतं आणि गाडी थांबत नाही. ती ‘एअर’ काढायला घरच्या कामात दोन माणसं लागतात. एकाने पेडल पंप करून दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी असलेलं निपल ढिलं करून हवा सोडायची, परत आवळायचं, मग पहिल्याने पाय उचलायचा. क्रम चुकला तर हवा परत आत जाते. मुलगा चाकापाशी, मुलगी तेलाची बाटली घेऊन, आणि आई ड्रायव्हरच्या जागेवर. “दाब... धर... सोड.” चार चाकांना मिळून तासभर. त्या जागेवर त्या बाई तेवढ्याच एकदा बसल्या. मला हसत म्हणाल्या, “माझ्याच पायानं थांबती ती गाडी.”

बाईला यंत्र झेपत नाही असं जे म्हणतात, त्यांनी बीडच्या बार्शी रोडच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्यांकडे जरा बघावं. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो, हातातल्या छोट्या हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो. आणि डोक्यावरून दोन्ही हातांनी घण आणून त्या जागेवर घालते ती बाई. कधी पाठीला पोर बांधलेलं असतं. म्हणजे बाईला घण चालतो, पाना चालत नाही. जड काम तिचं, ‘डोक्याचं’ काम त्याचं. श्रमविभागणी म्हणून आपण जे पुस्तकात शिकलो ते इतकं साधं आहे. ताकदीचा त्यात काही संबंध नाही. चौदा नंबरचा पाना फिरवायला हंडाभर पाणी डोक्यावरून आणण्याच्या दहावा हिस्सासुद्धा जोर लागत नाही.

मोटारीच्या जन्माची गोष्टही हीच आहे, म्हणून ती इथे सांगायला हवी. मोटारगाडीचा शोध कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थाने लावला, १८८६ साली पेटंट घेतलं, असं शाळेत शिकवतात. बेंझच्या कारखान्यात पैसा कुणाचा होता? बर्था रिंगर या मुलीचा. लग्नाच्याही आधी, १८७१ मध्ये, तिने आपला हुंडा आगाऊ मागून घेऊन त्याच्या बुडत्या धंद्यात घातला. पुढे गाडी तयार झाली तरी ती घ्यायला कुणी येईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलग्यांना घेऊन ती गाडी काढून मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. एका तारेचं आवरण झिजलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून आणखी एक गिअर हवा असं घरी येऊन सांगितलं. ही सुधारणा आहे की नाही? आजच्या भाषेत गाडी ‘अपग्रेड’ करणं म्हणतात ते हेच. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना एका सासुरवाशिणीच्या माहेरच्या वाटेवर निघाली.

हुंडा आणि गाडी म्हटलं की मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं काही सांगायला नको. आमच्याकडेही लग्नात मुलीच्या बापाच्या पैशाने मोटरसायकल येते. फरक एवढाच, की बर्थाबाईंच्या पैशाने कारखाना उभा राहिला आणि त्या स्वतः गाडीवर बसून निघाल्या. आमची मुलगी त्या मोटरसायकलच्या मागच्या बाजूला एका अंगाने, पदर चाकात जाऊ नये म्हणून सांभाळत बसते.

आपल्या जवळची उदाहरणं नाहीत असंही नाही. पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नयेत’ असं छापलेलं पाहून १९७४ साली सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने जे. आर. डी. टाटांना सरळ पत्र टाकलं आणि नोकरी मिळवली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून सगळ्यांना माहीत झाल्या. त्याच टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात २०२३ च्या सुमारास सुमारे दीड हजार बायका एका अख्ख्या लाइनवर हॅरियर आणि सफारी गाड्या जोडत होत्या. जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एसटी चालवली. म्हणजे पुण्यात बाई गाडी बांधते, सासवडला चालवते, आणि पाटोद्यात बॅटरी धरते.

आता दोन आक्षेपांबद्दल. आमच्या बैठकीत ते आले आणि दोन्ही बायकांनीच घेतले.

एक असा, की गॅरेज ही मुलींची जागा नाही. तिथली भाषा, तिथली माणसं, रस्त्यावरचं बसणं. हे खरं आहे. आमच्या मुलींना कॉलेजच्या स्टँडवर उभं राहणं अवघड, तिथे गॅरेजमध्ये कोण पाठवेल? आणि दहावी झाली, की छेडछाडीच्या भीतीनेच बापाला लग्न आठवतं. पण इथे गॅरेज घरातच होतं! गोठ्याच्या शेजारी, आजीच्या नजरेसमोर. भीतीचं कारण नव्हतं, तरीही पाना तिच्या हातात गेला नाही. तेव्हा अडचण जागेची आहे हे सगळं खरं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एक बाई म्हणाली, “आव ताई, चूल आमची, पाणी आमचं, शेण आमचं. आता गाडी दुरुस्तबी आमच्याच गळ्यात घालता का?” बरोबर आहे. बाईला नवीन कौशल्य शिकवलं, की ते तिच्या फुकटच्या कामांच्या यादीत जातं. शिलाई मशीन दिलं, की घरातल्या सगळ्यांचे कपडे तिच्याकडे. म्हणून मी म्हणते, शिकायचं तर कागद घेऊन शिकायचं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा आणि डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो, मुलींसाठी राखीव जागाही असतात. तो दाखला हातात असला तर काम मजुरीचं होतं. हिच्या बापाला आम्ही विचारलं. तो म्हणाला, “तिथं समदी पोरंच असतील.” मग दोघी गेल्या तर? एका गावातून दोन-तीन मुलींनी मिळून प्रवेश घेणं हाच मला यावरचा उपाय दिसतो. एकटी मुलगी तमाशा होते. दोघी-तिघी असल्या, की मास्तरांनाही सवय होते.

आणखी एक गोष्ट या पोरांच्या आयांना सांगायची राहिली, ती जिवाची आहे. मारुतीसारख्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचं छप्पर, खांब आणि तळ मिळूनच तिचा सांगाडा होतो. छप्पर कापलं, की गाडी मधून खचू लागते. पहिली खूण म्हणजे दारं नीट लागत नाहीत. त्या मुलाच्या गाडीचीही डावीकडची दार उचलून लावावी लागते. त्याने खाली दोन्ही बाजूंना चौकोनी पाइप वेल्ड केले, तेव्हा जरा थांबलं. पण वजन वाढलं, आणि ब्रेक जुनेच. टायर मोठे घातले, की स्टिअरिंग जड होतं आणि काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जास्त वेगात असते. पोरं इंजिनापासून सुरुवात करतात आणि आवाजापाशी संपवतात. ब्रेकला सगळ्यांत शेवटी, पैसे उरले तर, हात लावतात. क्रम उलटा पाहिजे. आधी ब्रेक, मग टायर, मग वायरिंग, आणि इंजिन त्यानंतर.

कायद्याचंही तसंच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी करावी लागते, तिची फी एप्रिल २०२२ मध्ये सहाशेची पाच हजार झाली. आणि अशी बदललेली गाडी ठोकली गेली, तर विमा कंपनी हात वर करते. मग दवाखान्याचं बिल भरायला पुन्हा कुणाचं डोरलं निघणार, हे सांगायला नको. म्हणून घरात गाडी खोलायला काढली, की आईने पहिला प्रश्न विचारावा, “पासिंग होणार हाय का?” त्या प्रश्नाने हौस मरत नाही. इंजिन, ब्रेक, गिअर, वायरिंग मूळच्यासारखं नव्याने करता येतं, गंज काढून पत्रा घालता येतो, आणि शिकायला तेवढं भरपूर आहे. छप्पर आणि मागचं सीट राहू द्यावं.

आम्ही आमच्यापुरतं काय ठरवलं ते लिहिते. गटाच्या कर्जाच्या वहीत एक रकाना वाढवला आहे, ‘वस्तू कुणाच्या नावावर येणार’. त्यावरून दोन महिने भांडणं झाली, अजून होतात. एका बाईने ‘मुलाच्या’ असं लिहिलं आणि हप्त्याखाली मुलाची सही आणली. बाकीच्यांनी तिला कर्ज दिलं. ही रीत मला आवडली. दुसरं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात आठ मुली येतात. पहिल्या महिन्यात सायकलचं पंक्चर, दुसऱ्यात मोटरसायकलचा प्लग आणि चेन, आणि आता त्या लाल गाडीचे ब्रेक. गाडी आणून देतो तो मुलगाच, पण एका अटीवर, की पाना मुलींच्या हातात आणि बॅटरी त्याने धरायची. पहिल्या दिवशी तो दहा मिनिटांत कंटाळला. बहीण म्हणाली, “हात हलवू नको.”

तिच्या आयटीआयच्या फॉर्मवर अजून सही व्हायची आहे. तिच्या मामांशी बोलणं चालू आहे. त्या घरात मामाचा शब्द चालतो. दुसऱ्या एका मुलीचं घर तयार झालं आहे, तिसरीचं डळमळतंय.

ज्यांच्या घरी जुने पाने पडून असतील त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं, आम्ही येऊन घेऊन जाऊ. मारुतीला बहुतेक ठिकाणी दहा, बारा, चौदा आणि सतरा नंबरचे लागतात. आमच्याकडे दहा आणि सतराचे आहेत, बारा आणि चौदा आम्ही एका गॅरेजवाल्याकडून मागून आणतो आणि संध्याकाळी परत करावे लागतात.